नाव लपवणं म्हणजे चोरी नव्हे

बंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकातून बाहेर पडून गांधीनगरात शिरलं की कन्नड सिनेमाचा व्यापार सुरू होतो. मुंबईत ‘नाझ’ म्हटलं की चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या आठवतात, तसं कर्नाटकात नुसतं ‘गांधीनगर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, सिनेमावाल्यांबद्दल बोलणं चाललंय. बंगळुरूतल्या मराठी माणसांचं महाराष्ट्र मंडळही याच भागात, आणि नॅशनल मार्केटही इथलंच. सीडी-डीव्हीडीच्या काळात चोरटी प्रत हवी असली की शहराची पावलं या मार्केटकडे वळायची. ज्या निर्मात्याचा सिनेमा तिथे विकला जायचा, त्याच्या कचेरीतून उठून त्या दुकानापर्यंत चालत जाता येत होतं. माल कुठला, दुकान कोणाचं, गल्ल्यावर कोण बसतं, सगळं डोळ्यांना दिसत होतं.

आता सिनेमा टेलिग्रामच्या चॅनेलवर येतो. बंद पाडलेलं संकेतस्थळ नावातलं एखादं अक्षर बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहतं. चोर दिसेनासा झाला आणि हक्कदार, पोलीस, न्यायालयं या सगळ्यांचा रोख हळूहळू चोरावरून ढळून न दिसण्याच्या सोयींवर गेला. व्हीपीएन, एन्क्रिप्टेड ईमेल, डोमेनच्या नोंदणीत मालकाचं नाव झाकणारी सेवा, या सगळ्यांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. मी लेखनावर जगतो. माझ्या पुस्तकाची पीडीएफ एका वाचकगटात फिरताना मी पाहिली आहे आणि त्या दिवशी आलेला संताप अजून गेलेला नाही. तरीही मला वाटतं की चोरी करणं आणि नाव न सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे त्या एकच मानल्या जाऊ लागल्या आहेत, आणि त्याची किंमत लेखक-कलावंतांसकट सगळ्यांनाच मोजावी लागणार आहे. हे नीट पाहायचं तर बंगळुरूसारखं दुसरं शहर नाही.

*

गांधीनगरापासून दोन-अडीच किलोमीटरवर, कब्बन पार्कच्या कडेला, विधानसौधाच्या समोर, कर्नाटक उच्च न्यायालयाची लाल इमारत आहे. अट्टारा कचेरी हे तिचं जुनं नाव. प्रताधिकाराची अंमलबजावणी किती वेगाने किती दूर जाऊ शकते, हे नोव्हेंबर २०२२मध्ये या इमारतीसमोर आलं. काँग्रेसच्या भारत जोडो यात्रेच्या चित्रफितींमध्ये ‘केजीएफ चॅप्टर २’मधलं संगीत वापरलं, अशी तक्रार बंगळुरूच्या एमआरटी म्युझिक या कंपनीने यशवंतपूर पोलिसांत केली आणि दिवाणी दावाही लावला. तक्रार खोटी नव्हती. पैसे मोजून हक्क घेतलेल्या कंपनीचं संगीत विनापरवाना वापरणं चूकच, मग वापरणारा पक्ष देशातला कितीही जुना असो. पण ७ नोव्हेंबरला शहरातल्या व्यावसायिक न्यायालयाने काँग्रेस आणि भारत जोडो यात्रा यांची ट्विटरवरची खातीच्या खाती बंद करण्याचा आदेश दिला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकण्याआधी, एकतर्फी. पक्षाच्या वकिलांच्या सांगण्यानुसार वाद होता पंचेचाळीस सेकंदांच्या तुकड्याचा. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने वादग्रस्त मजकूर काढण्याच्या अटीवर तो आदेश रद्द केला. पुढे फौजदारी गुन्हा रद्द करायला मात्र याच न्यायालयाने जून २०२३मध्ये नकार दिला, आणि तेही योग्यच झालं.

राष्ट्रीय पक्षाला एका दिवसात उच्च न्यायालय गाठता आलं. हुबळीतल्या एखाद्या यूट्यूबवाल्याचं किंवा बेळगावच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाचं खातं असं बंद झालं असतं, तर त्याला हा आदेश रद्द करून घ्यायला किती महिने लागले असते?

कर्नाटकाने यापेक्षा कडक हत्यार आधीच परजून ठेवलं होतं. हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे व्यापारी, जुगारी, गुंड यांच्यासाठी १९८५मध्ये केलेल्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात, ज्याला सगळे गुंडा कायदा म्हणतात त्यात, २०१४ साली ‘डिजिटल ऑफेंडर’ हा नवा वर्ग घातला गेला. व्यापारी हेतूने जाणूनबुजून पुस्तक, संगीत, सिनेमा, सॉफ्टवेअर यांच्या प्रताधिकाराचा भंग करणारा त्यात येतो. दुसऱ्याच्या ओळखीने संगणकाच्या जाळ्यात शिरून पैसा कमावणाराही त्याच व्याख्येत येतो. अशा माणसाला खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. सल्लागार मंडळाची तपासणी असते, पण वकील देऊन, पुरावे मांडून होणारी सुनावणी नसते. गुन्हा घडलेलाही असायला हवा असं नाही, तयारी चालली आहे एवढं पुरतं. देशाची सॉफ्टवेअरची राजधानी म्हणवणारं शहर ज्या राज्यात आहे, त्याच्या सरकारने हे केलं. बंगळुरूच्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी तेव्हा याला स्पष्ट विरोध केला होता.

आपण महाराष्ट्रातल्यांनी यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. आपल्या १९८१च्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ २००९पासूनच आहे, झोपडपट्टीदादांच्या शेजारी. सिनेमाची चोरी हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रताधिकार कायद्याच्या ६३व्या कलमात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चोरटं चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरवला आहे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३व्या कलमाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. एवढी धार असलेला कायदा हाताशी असताना खटल्याविना डांबण्याची गरज कुणाला आणि कशासाठी वाटली?

*

बंगळुरूतच न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी राहत. कर्नाटक उच्च न्यायालयातून १९८६मध्ये निवृत्त झालेले न्यायाधीश. वयाच्या ८६व्या वर्षी, २०१२मध्ये, ते आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातून २४ ऑगस्ट २०१७चा नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल आला: खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये ते वारले, ९८ वर्षांचे होऊन. ज्या निकालावर आज आपला खासगीपणा उभा आहे त्याला बंगळुरूच्या या वृद्ध गृहस्थांचं नाव आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

या निकालाला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत, २८ एप्रिल २०२२ला, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने नवे निर्देश काढले. ते समजण्यासाठी व्हीपीएन काय करतं ते आधी पाहू. तुम्ही घरून एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठे चाललात ते दिसतं, आणि त्या संकेतस्थळाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. उघड्या पोस्टकार्डासारखा हा व्यवहार आहे, आणि व्हीपीएन त्याला पाकिटात घालतं. तुमची कंपनी फक्त एवढं पाहते की तुम्ही व्हीपीएनच्या सर्व्हरशी जोडलेले आहात, आणि पलीकडच्या संकेतस्थळाला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. नवऱ्याचा ससेमिरा चुकवणारी बाई ते वापरते, आपल्या खात्यातला भ्रष्टाचार बातमीदाराला कळवणारा कारकून वापरतो, कॅफेतल्या फुकटच्या वायफायवर बँकेचं काम करणारा सावध माणूस वापरतो. सिनेमा चोरणाराही वापरतो.

सर्ट-इनने सांगितलं, व्हीपीएन पुरवणाऱ्याने ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली, एवढंच काय ती कशासाठी घेतली हेही नोंदवून ठेवायचं, आणि ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं जपायचं. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला नंतरच्या खुलाशात सूट मिळाली. म्हणजे बंगळुरूच्या बेळंदूर आणि व्हाइटफील्डमधले लाखो नोकरदार कंपनीच्या कामासाठी झाकले गेले, पण त्यांनीच संध्याकाळी स्वतःसाठी व्हीपीएन घेतलं की त्यांचं नाव नोंदवहीत चढणार. तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर कर्नाटकातून राज्यसभेवर गेलेले. नियम मान्य नसतील त्यांनी देश सोडावा, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे घेतली. एक्सप्रेसव्हीपीएनने जून २०२२च्या सुरुवातीला भारतातले सर्व्हर काढून घेतले, मग सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉनव्हीपीएन. या सगळ्या मोठ्या परदेशी कंपन्या. त्या भारतीय ग्राहकाला सिंगापूरच्या किंवा लंडनच्या सर्व्हरवरून सेवा देतच राहिल्या. अडकल्या त्या इथल्या छोट्या कंपन्या.

त्यातली एक आपल्या पुण्याची. एसएनटीहोस्टिंग्ज या छोट्या कंपनीने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने सप्टेंबर २०२२मध्ये या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जगातल्या बड्या कंपन्या सामान आवरून निघून गेल्या, आणि उभं राहिलं पुण्यातलं एक लहानसं दुकान. मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ही बातमी यायला हवी होती.

या निर्देशांचं कारण सायबर सुरक्षा असं सांगितलं गेलं, प्रताधिकाराचं नावही त्यात नव्हतं. पण अशी नोंदवही एकदा तयार झाली की ती मागायला येणाऱ्यांत फक्त दहशतवादाचा तपास करणारे नसतात. अमेरिकेत २००२मध्येच संगीत कंपन्यांनी व्हेरायझनकडे ग्राहकांची नावं मागितली होती, न्यायाधीशाच्या सहीशिवाय, नुसत्या कारकुनी समन्सवर. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २००३मध्ये ती वाट बंद केली. फ्रान्समध्ये मे २०२५मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कनाल प्लस या वाहिनीच्या मागणीवरून पाच मोठ्या व्हीपीएन कंपन्यांना खेळांचे सामने चोरून दाखवणारी सुमारे २०० डोमेनं अडवायला लावली. ज्या सेवेचं कामच ग्राहक कुठे जातो ते न पाहणं आहे, तिलाच पहारेकरी केलं गेलं. आपल्याकडेही ही मागणी येईल, याची मला खात्री आहे.

*

भारतीय न्यायालयांत अज्ञात चोराचं एक नाव ठरलेलं आहे: अशोक कुमार. इंग्लंड-अमेरिकेतल्या जॉन डोचा हा आपला भाऊ. प्रतिवादी कोण ते माहीत नसेल तर दाव्यात त्याच्या जागी अशोक कुमार लिहितात. २००२च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी ताज टेलिव्हिजनने केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून असा पहिला आदेश मिळवला. तेव्हा अशोक कुमार म्हणजे गल्लीतला केबलवाला होता. आदेशाचा कागद घेऊन त्याच्या दारात जाता येत होतं.

पुढे हे आदेश इंटरनेटवर आले आणि अनामिक प्रतिवादीऐवजी संकेतस्थळांच्या लांबलचक याद्या पुरवठादार कंपन्यांकडे जाऊ लागल्या. २०१२मध्ये ‘३’ आणि ‘धम्मू’ या दक्षिणेतल्या सिनेमांसाठी मद्रास उच्च न्यायालयाचे आदेश घेतले गेले, आणि काही कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन, पाइरेट बे अशी अख्खी संकेतस्थळं बंद केली. व्हिमिओवर स्वतःचे लघुपट ठेवणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना आपलंच काम दिसेना. ९ जून २०१२ला मुंबई, पुणे, बंगळुरूसह अनेक शहरांत मुखवटे घालून तरुण रस्त्यावर आले. त्याच महिन्यात मद्रास न्यायालयाने स्पष्ट केलं की नेमके पत्ते अडवा, पूर्ण संकेतस्थळ नको. पण धडा टिकला नाही. २०१४च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी दिल्लीत ४७२ संकेतस्थळांची यादी मंजूर झाली, तीत गूगल डॉक्सही होतं. नंतर ती २१९वर आणावी लागली. ऑगस्ट २०१७मध्ये दोन हिंदी सिनेमांसाठी मद्रासमधून मिळवलेल्या आदेशाच्या यादीत अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळं होती, आणि इंटरनेट आर्काइव्ह त्यांतलं एक. जुनी मराठी नियतकालिकं, स्कॅन केलेल्या पोथ्या, शंभर वर्षांपूर्वीचे ग्रंथ जिथे शोधायला आपण जातो, ते आर्काइव्ह दोन सिनेमांच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यासाठी देशभर बंद झालं. हे वाचून ज्याला राग येत नाही त्याने कधी जुना संदर्भ शोधला नसावा.

या सगळ्यात मला आदर वाटतो तो मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या २०१६मधल्या आदेशांचा. ‘ढिशूम’ सिनेमासाठी इरॉस कंपनी सरसकट बंदी मागत होती. न्यायमूर्तींनी विचारलं, प्रत्येक पत्ता कोणी तपासला? बाहेरच्या संस्थेने पाहावा, वकिलांनी पडताळावा, मग शपथपत्रावर सांगावं, तरच अडवू. अडवलेल्या पानावर कारण लिहावं आणि चुकून अडवलेल्या माणसाला तक्रार करता येईल असा पत्ताही द्यावा. पुढे त्या पानावरचा इशारा असा छापला गेला की नुसता सिनेमा पाहिला तरी तीन वर्षं कैद होईल, आणि देशभर घबराट उडाली. तेव्हा याच न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं की गुन्हा पाहण्यात नाही, विनापरवाना वाटण्यात, दाखवण्यात, भाड्याने देण्यात आहे. हक्कदाराची बाजू घेताना बाकीच्यांचं दार कसं उघडं ठेवावं, हे इथे शिकण्यासारखं आहे. त्याच वर्षी ‘सैराट’च्या चोरट्या प्रती गावोगाव मोबाइलमध्ये भरून मिळत होत्या. म्हणजे न्यायमूर्तींना चोरीचं नुकसान कळत नव्हतं अशातला भाग नाही.

पण देशाने वाट धरली ती दिल्लीची. १० एप्रिल २०१९ला यूटीव्ही विरुद्ध १३३७एक्स या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डायनॅमिक’ मनाई दिली. एखादं संकेतस्थळ नाव बदलून परत आलं तर नवा दावा न लावता तेही अडवता येईल. इथपर्यंत मी न्यायालयाबरोबर आहे, नाव बदलून येणाऱ्याच्या मागे रोज नवा दावा लावणं अशक्यच आहे. त्या निकालाने ‘रोग’, म्हणजे चोरीवरच जगणारं संकेतस्थळ, कसं ओळखावं याच्या खुणाही दिल्या. त्यातल्या बऱ्याच समजुतीच्या आहेत. मुख्य हेतू चोरीचा आहे का, नोटिशीला दाद दिली जाते का, किती रहदारी आहे. आणि एक खूण अशी: नोंदणी करणाऱ्याचा तपशील झाकलेला आहे का.

इथे मी थांबतो. डोमेन घेताना मालकाचं नाव, पत्ता, फोन जगाला दिसू नये म्हणून झाकणं ही आज सामान्य रीत आहे. मे २०१८मध्ये युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हापासून डोमेन नोंदणीच्या सार्वजनिक यादीतली नावं मोठ्या प्रमाणावर झाकलीच जातात. एखादी कवयित्री आपल्या कवितांचं संकेतस्थळ काढते आणि घरचा पत्ता झाकते, कारण तिला अनोळखी माणसांची पत्रं दारात नको असतात. न्यायालय म्हणेल, ही खूण एकटी पुरेशी नाही, बाकीच्यांबरोबर पाहायची. मान्य. पण नाव झाकणं एकदा संशयाच्या यादीत गेलं की ते तिथून सहज बाहेर येत नाही. व्यापारचिन्हांच्या खटल्यांमध्ये तर डोमेन विकणाऱ्यांनी नाव झाकण्याची सोय आपणहून देऊ नये, अशीच मागणी पुढे आली. ऑगस्ट २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेच हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या दाव्यात एक पायरी वर जाऊन ‘डायनॅमिक प्लस’ मनाई दिली, जी अजून न बनलेल्या सिनेमांनाही लागू पडते.

यादीत कोण आहे ते सामान्य माणसाला कळतं का? बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी न्यायालयीन आदेश, फुटलेले सरकारी आदेश आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी गोळा करून चार हजारांहून अधिक संकेतस्थळांची यादी केली आणि देशातल्या ९८ टक्क्यांहून अधिक ग्राहकांना सेवा देणाऱ्या सहा कंपन्यांच्या जोडण्यांवरून ती तपासली. सहाही कंपन्यांनी सारखीच अडवलेली संकेतस्थळं जेमतेम अकराशे निघाली. कोणी पत्त्याचं नाव फिरवतं, कोणी जोडणीच्या पहिल्या निरोपात डोकावून संकेतस्थळाचं नाव वाचतं आणि धागा तोडतं. म्हणजे तुम्ही काय वाचू शकता हे तुमचं सिमकार्ड ठरवतं.

*

बंगळुरूतला वाद सिनेमापुरता नाही. भारतीय विज्ञान संस्था १९०९पासून इथे आहे, आणि संशोधनाच्या जर्नलांच्या किमती ही तिथल्याच काय, देशातल्या प्रत्येक संशोधकाची जुनी डोकेदुखी. साय-हब हे संकेतस्थळ २०११मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी सुरू केलं, लाखो शोधनिबंध फुकट देणारं. २०१६मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने तिथल्या सहा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. २ कोटी ८० लाख डाउनलोडपैकी ३४ लाख एकट्या भारतातले होते. वाचणाऱ्यांचे आयपी पत्ते त्या माहितीतून वगळले होते, ठिकाण फक्त जवळच्या शहरापर्यंत ठेवलं होतं. प्रताधिकार मोडणाऱ्या संकेतस्थळाने आणि प्रतिष्ठित नियतकालिकाने मिळून वाचकाचं नाव राखलं, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

डिसेंबर २०२०मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्लीत दावा लावला. भारतीय शास्त्रज्ञ आणि विज्ञान संघटना मध्ये पडल्या, पण ऑगस्ट २०२५मध्ये साय-हब अडवण्याचा आदेश निघालाच. मधल्या काळात सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना आणली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची. चांगलं पाऊल आहे. मात्र ते सरकारी संस्थांपुरतं. खासगी महाविद्यालयातली विद्यार्थिनी, निवृत्त प्राध्यापक, तालुक्याच्या गावातला डॉक्टर त्यात नाही. त्यांच्यापुढे आता दोनच वाटा, एका लेखाला हजारो रुपये मोजा किंवा व्हीपीएन लावा. सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे भारतातल्या कंपनीचं व्हीपीएन लावलं तर ते कशासाठी घेतलं हेही त्यांच्या नावापुढे पाच वर्षं लिहून राहणार.

*

प्रताधिकार कायदा हातात घेतला की मला दोन जागा पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. डिजिटल कुलूप तोडणं २०१२च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवलं, ते कलम ६५-अ. त्याच कलमाने काही अपवाद दिले आहेत, आणि त्यातला एक सरळ सांगतो की वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी किंवा त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी बसवलेली यंत्रणा चुकवण्यासाठी जे करावं लागेल ते हे कलम रोखत नाही. म्हणजे प्रताधिकाराच्या कायद्यानेच वाचकाला पाळत चुकवण्याची मोकळीक ठेवली आहे. संसदेने हे विचार करून लिहिलं. किती हक्कदारांनी ते वाचलं आहे?

दुसरी जागा कलम २३. अनामिक आणि टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीलाही साठ वर्षांचं संरक्षण आहे. नाव न सांगणारा हा कायद्याच्या नजरेत चोर तर नाहीच, तो स्वतः हक्कदार असू शकतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी शतपत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. त्या पत्रांनी पुण्याच्या सनातन्यांना झोडपलं. लेखकाचं खरं नाव, पत्ता आणि लिहिण्याचं प्रयोजन पाच वर्षं जपून ठेवण्याची सक्ती भाऊ महाजनांवर असती, तर ती शंभर पत्रं झाली असती का?

मग चोराला पकडायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर भारतातच मिळालं आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंग यांच्या पुस्तकांच्या आणि व्याख्यानांच्या चोरट्या प्रती टेलिग्रामच्या चॅनेलांवर विकल्या जात होत्या. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. टेलिग्रामने सांगितलं, आमचे सर्व्हर सिंगापुरात आहेत, तिथला माहिती संरक्षणाचा कायदा आम्हाला नावं द्यायला मनाई करतो. ३० ऑगस्ट २०२२च्या आदेशात न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी हा बचाव फेटाळला. टेलिग्रामने त्या ठरावीक चॅनेलांच्या चालकांची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते मोहोरबंद पाकिटात दिले, आणि ते फक्त या खटल्यापुरते वापरायचे अशी अट पडली. खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्या काहींना हा आदेशही खटकला. मला तो पटतो. नुकसान झालेली बाई समोर होती, चॅनेल नेमके होते, न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या होत्या, नावं मिळाली ती त्या चोरांची आणि बाजारात फुटली नाहीत. टेलिग्रामवरच्या बाकी कोट्यवधी माणसांच्या नावाला हात लागला नाही.

याच्या उलट २९ एप्रिल २०२५ला बंगळुरूत घडलं. एका आस्थापनेच्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल अश्लील मजकूर आणि बनावट प्रतिमा प्रोटॉन मेलवरून पाठवल्या गेल्या. त्या बायकांना झालेला त्रास भयंकर होता आणि पोलिसांच्या हाती काही लागत नव्हतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली प्रोटॉन मेल देशात बंद करण्याची कारवाई सुरू करायला सांगितलं. अख्खी सेवा. पण प्रोटॉन ही स्वित्झर्लंडची कंपनी तिथल्या न्यायालयाचा आदेश आल्यावर माहिती देते. २०२१मध्ये फ्रान्सच्या विनंतीवरून स्विस अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर तिने एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता दिलाही होता, आणि त्यावरून तिच्यावर जगभर टीका झाली. म्हणजे दार आहे, फक्त ते ठोठावायला परराष्ट्र खात्याचा कागद आणि काही महिने लागतात. ते काम सोडून सेवाच बंद केली तर त्रास देणारा माणूस दुसरी सेवा शोधेल. त्या बायकांना न्याय मिळणार नाही आणि इथल्या वकील, पत्रकार, डॉक्टरांचा बंद पाकिटातला पत्रव्यवहार मात्र जाईल.

हे प्रताधिकाराचं प्रकरण नव्हतं, हे मी जाणतो. पण खाती, संकेतस्थळं, सेवा यांवर अख्ख्या बंदीची सवय आपल्या व्यवस्थेला लावली ती सिनेमाच्या आणि सामन्यांच्या खटल्यांनी. हक्कदारांनी, म्हणजे आपणच, ती लावली. म्हणून ती मोडण्यातही लेखक, प्रकाशक, निर्माते यांनी पुढे यायला हवं. साहित्य संमेलनांत पायरसीविरुद्ध ठराव होतात, त्यांत एक ओळ वाढवावी: चोराचं नाव न्यायाधीशासमोर मागू, वाचकाचं नाव कोणाकडेच मागणार नाही.

आणि वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे तो संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक, छापखान्यातले कामगार आणि आम्ही लिहिणारे यांच्या मेहनतीवर. त्याची पीडीएफ एखाद्या गटात आली तर ती पुढे पाठवू नका, पाठवणाऱ्याला अंकाची किंमत आणि मिळण्याचं ठिकाण सांगा. पण उद्या अशीच पीडीएफ रोखण्याच्या नावाखाली कोणी तुमचा पत्ता, तुमच्या वाचनाची नोंद किंवा तुमच्या व्हीपीएनचं प्रयोजन मागायला आलं, तर त्याला आधी न्यायालयाचा आदेश दाखवायला सांगा.